तांबडीचा डोळा आणि बाबाचं तेल

घोडा हसला, असं सगळे म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते आणि आमच्या तबेल्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडागाडीवाले होते, त्यांची बायकामुलं होती, पलीकडच्या थांब्यावर बस सोडून देऊन आलेले लोकही होते. काही जण कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले होते. मधोमध तबेल्याच्या मुकादमाचा पांढरा घोडा बांधलेला. त्याच्यासमोर तुळतुळीत डोक्याचा, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. लोक त्याला तेलवाले बाबा म्हणत. आठवड्यापूर्वी त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

बाबानं एक हिरवी बाटली डोळ्यांसमोर धरली, तिच्यावर तीनदा फुंकर मारली, तळहातावर तेल ओतलं आणि घोड्याच्या मानेवर, पाठीवर चोळलं. मग तोच हात त्याच्या नाकपुड्यांखाली नेला. घोड्यानं मान ताठ वर केली, वरचा ओठ नाकापर्यंत गुंडाळला आणि पिवळे दात सगळ्यांना दाखवत तसाच उभा राहिला.

"हसला," बाबा हळूच म्हणाला. मोठ्यानं बोलायची त्याला गरजच नव्हती. "ज्याला कृपा पोचते तो हसतो. आता माशांकडे बघा."

आणि माशा उठल्या. अगदी खरं सांगतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घोड्याच्या मानेवर मघापर्यंत काळा थर होता, तो घोंघावत वर गेला आणि परत खाली बसला नाही. गर्दीतून एकदम सुस्कारा निघाला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गाडीवाल्यानं दोन्ही हात जोडले.

मी नालबंद आहे. तीस वर्षं घोड्यांचे खूर तासतो आणि नाल ठोकतो. घोड्याचे पाय माझ्या मांडीवर असतात, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे माझं लक्ष कमी. घोडा हसतो की नाही हे मला सांगता आलं नसतं. पण माणसांचं हसं कधी होतं ते मला कळतं, आणि त्या सकाळी आमचं सगळ्यांचं झालं होतं.

तरी लोकांना दोष देताना माझी जीभ अडखळते. त्या उन्हाळ्यात माशांनी आमचा जीव नकोसा केला होता. तबेल्यामागचं गटार तुंबलेलं. लिदीचा ढीग पालिकेची गाडी उचलायची, ती यायची बंद झाली होती, आणि ढीग खिडकीच्या उंचीला आला होता. बावीस घोड्यांच्या तबेल्यात माशा अशा, की चहाच्या कपावर हात ठेवून चहा प्यावा लागे. त्या घोड्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात बसायच्या, तिथलं पाणी प्यायच्या. डोळे सुजायचे, जखमा चिघळायच्या. दर सोमवारी तपासनीस यायचा आणि ज्या घोड्याला जखम दिसेल, डोळा गळताना दिसेल, त्याची गाडी बंद करायचा. त्याचं बरोबरच होतं. पण दहा घोडे उभे राहिले होते, आणि उभा घोडा खायचं थांबवत नाही.

त्या दहांत माझ्या थोरल्या बहिणीची घोडी होती. तांबडी. ताईचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, गाडी विकून टाक. ताईनं दुसऱ्या दिवशी स्वतः लगाम हातात घेतला. सतरा वर्षं ती तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी हाकते आहे. माझी ताई खुळी नाही, हे मला आधीच सांगून ठेवायचं आहे. जे पुढं झालं ते खुळ्या माणसांना होतं असं कुणी समजू नये.

गर्दीसमोर बाबाचं बोलणं चालूच होतं. "रसायन म्हणजे विष. हे झाडापानांचं देणं आहे. निसर्ग म्हणजे आई. आई लेकराला भाजेल का? दिवसातून तीन वेळा लावा, सर्वांगाला लावा. पाणी घालू नका, दुसरं तेल घालू नका. पातळ कराल तर कृपा पातळ होईल. आणि सुईवाल्या डॉक्टरला जनावराजवळ फिरकू देऊ नका. सुई टोचली की तेलाची शक्ती उतरली."

कृपा पातळ होते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी हातातली कानस खाली ठेवली.

"बाबा, तेलात काय काय आहे?" मी विचारलं.

"श्रद्धा," तो हसून म्हणाला.

"ती किती थेंब?"

दोघं-तिघं हसले. तिथंच माझं चुकलं. माणूस फसवणारा असेल, पण त्याला चारचौघांत हसलेलं खपत नाही. बाबा शांतपणे मागं उभ्या असलेल्या आपल्या चेल्याकडे वळला. चेल्याच्या खांद्यावर दोन पंचे असायचे. त्यातल्या एकाला बाबानं हात पुसले आणि तो माझ्या टट्टूकडे आला. माझी हत्यारं वाहणारं ते म्हातारं, भुरकं टट्टू कोपऱ्यात डुलक्या काढत होतं. बाबानं त्याच्या मानेवरून, खांद्यावरून प्रेमानं हात फिरवला.

"याचा मालक शंका घेतो," तो म्हणाला. "मी काही करत नाही. शंकेचं फळ काय ते तुम्हीच बघा."

पाच मिनिटांत टट्टू काळं झालं. अंगणातल्या साऱ्या माशा जणू त्याच्यावरच उतरल्या. ते बिचारं शेपूट झाडत, पाय आपटत गोल फिरू लागलं. लोक माझ्यापासून दोन पावलं मागं सरकले. आणि खोटं कशाला सांगू, तीस वर्षं लोखंड ठोकणारा मी, क्षणभर मलाही वाटलं, काही असेल का यात?

संध्याकाळी मुकादमानं मला बोलावून घेतलं. "थोडे दिवस इकडे येऊ नकोस," तो म्हणाला. "लोक म्हणतात तुझ्या पायगुणानं कृपा अडते. मला सगळ्यांचं बघावं लागतं."

ताई फाटकापर्यंत आली. "बाबांचे पाय धर आणि मोकळा हो," ती म्हणाली. "तुझा ताठा मला माहीत आहे, पण माझी घोडी दोन आठवडे उभी आहे रे. डोळ्यातलं पाणी थांबत नाही तिचं. डॉक्टरच्या दवाखान्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. आणि इथं एक माणूस दारात येऊन माशा उठवून दाखवतो. तू दाखव ना उठवून."

मी टट्टूला घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी टट्टूच्या मानेचे केस कडक झालेले दिसले, आणि पायावरून मुंग्यांची रांग वर चाललेली. मला वाटलं, घाम वाळला असेल. धुऊन टाकलं आणि विसरून गेलो. मी चार दिवस तबेल्याकडे फिरकलो नाही. रागावून घरी बसलो. त्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी ताईचा निरोप आला, तांबडीची नाल सैल झाली आहे. मी गेलो. तबेल्यात शिरल्याबरोबर वास नाकात चढला, इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. घोडे गप्प होते. घोड्यांच्या तबेल्यात फुरफुर, खुरांची टकटक, चघळणं, काही ना काही चालू असतं. तिथं तसलं काही नव्हतं.

तांबडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तपासनीसानं सोमवारी तिला पुन्हा कामाला सोडली होती, कारण त्या दिवशी तिच्यावर माशी नव्हती आणि डोळाही गळत नव्हता. ताईनं तिला दोन दिवस गाडीला जुंपली होती. मी गळपट्टा सोडवायला हात घातला तर ती थरथरली. पट्टा उचलला आणि त्याच्याबरोबर केसही निघून आले. खाली तळहाताएवढी कातडी लालभडक, फोड फुटलेले. पोटपट्ट्याखाली तेच. आणि डावा डोळा घट्ट मिटलेला, कडेनं पिवळट पाणी गळत होतं.

"ताई, हे काय आहे?"

"विष बाहेर पडतंय," ताई म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "बाबा म्हणाले, आधी वाढतं, मग उतरतं. डोळ्याभोवती जास्त लावा म्हणाले, माशा तिथंच बसतात म्हणून."

"ती खाते का?"

"कालपासून नाही."

"आणि तू बाबाला सांगितलंस?"

"सांगितलं." ताई थांबली. "म्हणाले, माझ्या मनात खोट आहे. इतरांच्या घोड्यांना काही होत नाही, माझ्याच घोडीला होतं."

मी शेजारच्या घोड्याची झूल उचलली. फोड होते. त्याच्या पलीकडच्याला बघितलं. त्यालाही होते. प्रत्येक गाडीवाला आपल्या घोड्याचं अंग झाकून, आपल्याच मनात खोट आहे असं समजून, तोंड दाबून बसला होता. बाबाची खरी करामत ही होती. तेल तर कुणीही चोळेल. इतक्या माणसांना एकमेकांपासून तोडून त्यानं गप्प बसवलं होतं.

मी टट्टूवर बसलो नाही, धावतच गेलो. आमच्या भागाला एकच जनावरांची डॉक्टर. पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, स्कूटरवर बॅग बांधून गावोगाव हिंडणाऱ्या बाई. दवाखान्याला कुलूप का असायचं तेही मला तेव्हा कळलं. तीन तालुक्यांचं काम त्यांच्या एकट्यांकडे होतं. त्या दिवशी नशिबानं त्या दवाखान्यात चहा घेत होत्या. मी सांगत होतो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तेल पातळ केलं होतं का?"

"नाही. नाही करायचं म्हणाला."

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि त्या उठल्या.

तबेल्यात येऊन बाईंनी बाटली उघडली, लांबूनच हुंगली आणि तोंड फिरवलं. "गवती चहाचं तेल. लवंगेचं तेल. कापूर. आणि हे सगळं टर्पेंटाइनमध्ये. रंग पातळ करायचं ते. एक थेंबसुद्धा साधं तेल नाही यात." मग ताईला म्हणाल्या, "कोमट पाणी आणा, भरपूर. सौम्य साबण आणा. घासायचं नाही, नुसतं धुवायचं."

दीड तास आम्ही तिघं तांबडीला धूत होतो. बाईंनी डोळ्यात सलाइन सोडून सोडून तो उघडवला आणि आत एक रंगाचा थेंब टाकला. बुबुळावर एक हिरवा डाग उमटला, डाळीएवढा.

"तो डाग म्हणजे जखम," बाई म्हणाल्या. "तेल आत गेलंय, वर तिनं डोळा भिंतीला घासलाय. मी मलम देते, दर चार तासांनी घालायचं. पण खोटी आशा दाखवत नाही. हा डोळा वाचेलच असं नाही."

ताईनं तांबडीच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"पण बाई, हे तर झाडाचं होतं," थोड्या वेळानं तिनं विचारलं. "नैसर्गिक."

"टर्पेंटाइनही झाडाचंच असतं. धोतराही झाडाचाच. मिरची झाडाची नाही का? डोळ्यात घालता का मिरची?" बाईंचा आवाज चढला होता. मग त्या थांबल्या, स्वतःला आवरलं. "रागावू नका. तुमच्यावर चिडले नाही मी. ऐका. हे तेलाचे अर्क फार तीव्र असतात. उघड्या कातडीला निभावतं एखाद वेळेस, पण पट्ट्याखाली ते अडकतं. हवा लागत नाही, वरून चामडं घासतं, त्यात घाम आणि ऊन. भाजल्यासारखं होतं. घोड्याची कातडी आपल्याला जाड वाटते. तिच्यावर माशी बसली तरी त्याला कळतं आणि तेवढीच जागा तो थरथरवतो. इतकी नाजूक असते ती."

मग मी टट्टूची गोष्ट सांगितली. कडक केस, मुंग्यांची रांग, सगळं. बाई पहिल्यांदा हसल्या, पण ते हसू काही गोड नव्हतं.

"मुंग्या शंकेला येत नाहीत," त्या म्हणाल्या. "साखरेच्या पाकाला येतात. त्यानं हात कशाला पुसले होते म्हणालात?"

"चेल्याच्या खांद्यावर दोन पंचे होते," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच दुसरा पंचा कशाला लागत होता ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाचा दरबार भरला तेव्हा डॉक्टरबाई पहिल्या रांगेत स्टूल टाकून बसल्या होत्या. मी मुकादमाला न विचारता आत आलो होतो. पांढरा घोडा पुढं आणला गेला. मी लांबूनच पाहिलं, मुकादमानं त्याच्या पाठीवर झूल घातली होती. भर उन्हात.

फुंकर झाली, चोळणं झालं, घोड्यानं ओठ वर केला. लोकांनी हात जोडले. बाई उठल्या.

"मी पण हसवू का?" त्यांनी विचारलं.

बाबानं त्यांच्याकडे बघितलं. "आपण कोण?"

"सुईवाली डॉक्टर."

त्यांनी बॅगेतून एक कांदा काढला, चाकूनं अर्धा कापला आणि ताईच्या शेजारच्या म्हाताऱ्या गाडीवाल्याच्या घोड्याच्या नाकाखाली धरला. घोड्यानं एक श्वास घेतला, मान ताणली आणि ओठ नाकापर्यंत गुंडाळून सगळे दात दाखवले. भिंतीवर बसलेलं एक पोरगं फिस्सकन हसलं.

"घोड्याला उग्र किंवा अनोळखी वास आला की तो असंच करतो," बाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "वर टाळूपाशी वास ओळखायची जागा असते, तिथं वास पोचवायला तो ओठ वळवतो. घोडी माजावर आली तरी करतो. त्याला हसू म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग कांद्यालाही हात जोडा."

"विद्येचा अहंकार," बाबा म्हणाला. आवाज अजून मऊ होता. "कांद्यानं माशा जातात का बाई?"

"माशांकडेच येते." त्या चेल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ते दोन पंचे द्या."

चेला मागं सरकला. मी त्याच्या मागंच होतो. नाल ठोकणाऱ्याचे हात कसे असतात ते त्याला खांद्यावर कळलं असावं, कारण त्यानं पंचे सोडले. बाईंनी दोन्ही पंचे कुंपणाच्या तारेवर शेजारी शेजारी वाळत घातले.

"आता कुणी काही करू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं बघा."

पहिलं मिनिट काही झालं नाही. बाबानं घसा खाकरला, चेल्यानं पायातली चप्पल चाचपली. मग डावीकडच्या पंच्यावर एक माशी बसली. मग चार, आणि बघता बघता पंच्याचा रंग दिसेनासा झाला. उजवीकडचा पंचा पांढराच राहिला.

"हा पाकात भिजवलेला आहे," बाई म्हणाल्या. "ज्यानं प्रश्न विचारला त्याच्या जनावराला बाबांनी या पंच्याला पुसलेला हात लावला. शंकेचं फळ ते हेच."

माणसं आता बाबाकडे नाही, एकमेकांकडे बघू लागली होती. पण तो काही कच्चा गडी नव्हता. तो पुढं आला, पांढऱ्या घोड्याच्या मानेकडे बोट दाखवलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला.

"माझ्या चेल्याचा पंचा घाण असेल. पण माझं तेल खोटं आहे का? या घोड्यावर माशी आहे का? बोला. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"नाही, तेल खोटं नाही," बाई म्हणाल्या.

सगळे चपापले. मीसुद्धा.

"गवती चहाच्या वासानं माशा थोडा वेळ लांब राहतात. तास, फार तर दोन तास. त्यात चमत्कार नाही आणि खोटंही नाही. ते जपून वापरता येतं. तुम्ही जपायला सांगितलंच नाही. निर्भेळ लावा म्हणालात, पट्ट्याखाली लावा, डोळ्याभोवती लावा, आणि फोड आले तर मालकाच्या मनात खोट आहे म्हणालात."

"नैसर्गिक तेलानं कुणालाही काही होत नाही," बाबा म्हणाला. "आतलं विष बाहेर पडतं, एवढंच."

तेव्हा ताई गर्दीतून पुढं आली. तिनं अंगावरून शाल घेतली होती. ऊन मी म्हणत होतं आणि ती शाल पांघरून आली होती, हे मला तोवर खटकलंच नव्हतं. तिनं शाल खाली टाकली. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत तांबडीच्या लगामाचं चामडं गुंडाळलेलं होतं. ती ते हळूहळू सोडवू लागली. शेवटचा वेढा सुटताना तिचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले मला दिसले.

खालचा हात लाल होता. फोडांची एक सलग पट्टी उठली होती, पट्ट्याच्या रुंदीएवढीच.

"सकाळी सहाला तुमचं तेल लावलं," ताई बाबाला म्हणाली. "निर्भेळ. वरून पट्टा बांधला आणि उन्हात काम केलं. साडेचार तास झाले. माझी घोडी पाच दिवस हे अंगभर घेऊन उभी होती आणि मी तिला गाडीला जुंपत होते." तिनं हात त्याच्या तोंडासमोर धरला. "आता सांगा, माझ्यात कोणतं विष होतं? आणि सांगणार असाल तर बाटली उघडा, तुमच्याही हाताला लावू. डोळ्याभोवतीही लावू. घोडीच्या लावायला सांगितलं होतंत तसं."

तिनं बाटली त्याच्याकडे केली. बाबानं हात पाठीमागं नेले.

मला वाटतं, त्या एका हालचालीनं सगळं संपलं. कांदा काहींना कळला, पंचे बऱ्याच जणांना कळले, पण स्वतःचं तेल स्वतःच्या अंगाला लागू नये म्हणून पाठीमागं गेलेले ते दोन हात अंगणातल्या शेवटच्या माणसालाही कळले. मुकादम उठला, आपल्या पांढऱ्या घोड्याजवळ गेला आणि त्यानं झूल ओढून काढली. खाली पाठ सोललेली होती. मग एकामागून एक झुली निघाल्या. बावीसपैकी सोळा घोडे. पट्ट्यांचे आवाज तेवढे येत होते.

मग दोघांनी चाबूक उचलले. बाई मधे उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मारलंत तर उद्या तो मार खाल्लेला साधू होईल. लेखी तक्रार द्या, सह्या करा. बाटल्या पोलिसांकडे जाऊ देत. आणि आधी घोडे धुवा. तो कुठं पळत नाही, घोड्यांचं भाजणं मात्र वाढतंय."

पोलीस आले, बाटल्या जप्त झाल्या, बाबा आणि चेल्याला घेऊन गेले. खटल्याचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावातून एक माणूस विचारत आला, ते तेल अजून कुठं मिळेल का. ताईनं त्याला आत बोलावून तांबडी दाखवली.

तांबडीचा डावा डोळा गेला. कातडी भरून आली, खांद्यावर केस पांढरे उगवले, पण डोळ्यावर दुधाळ पडदा राहिला. आता ती वाहतुकीच्या रस्त्यावर गाडी ओढू शकत नाही. डाव्या बाजूनं हॉर्न वाजला की दचकते. ताई दुसऱ्याची गाडी हाकते आणि रोज सकाळी तांबडीला मैदानावर पायी फिरवून आणते. डाव्या बाजूनं चालते आणि सतत बोलत राहते, म्हणजे तिथं कोण आहे ते घोडीला कळावं.

माशांचं काय झालं, तर त्याला कुणाच्या कृपेची गरज लागली नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून दोन दिवसांत गटार उपसलं. लीद आता रोज दोनदा निघते आणि लांब खड्ड्यात झाकून पडते. घोड्यांच्या डोळ्यांवर जाळीच्या पट्ट्या आल्या, तबेल्यात दोन मोठे पंखे लागले. वाऱ्यात माशी टिकत नाही, हे बाईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला हसू आलं होतं, इतकं ते साधं होतं. आणि हो, गवती चहाचं तेलही आम्ही वापरतो. साध्या खाद्यतेलाच्या शंभर चमच्यांत एक चमचा, त्याहून जास्त नाही. नव्या घोड्याला आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावायचं आणि पूर्ण एक दिवस थांबायचं. लाली, सूज, खाज काही दिसलं तर धुवायचं आणि त्या घोड्याला पुन्हा लावायचं नाही. डोळे, नाक, तोंड यांच्याजवळ नाही, जखमेवर नाही, पट्ट्याखाली आणि खोगिराखाली नाही. उन्हात कामाला काढायच्या आधी नाही. गाभण घोडीला आणि शिंगराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. हे सगळं दारावरच्या पाटीवर लिहिलं आहे, आणि त्यात एकही शब्द असा नाही जो मला समजत नाही.

मुकादम एकदा माझ्याकडे आला होता. "तुला बाहेर काढलं, चुकलं माझं," म्हणाला. मी त्याला माफ केलं नाही. माफ करायला माझे हात कुठं स्वच्छ होते? मला पहिल्या दिवशी शंका आली होती, आणि माझ्या टट्टूवर माशा बसल्या म्हणून मी घाबरून चार दिवस घरी बसलो. त्याच चार दिवसांत तांबडीचा डोळा गेला.

म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. तुमच्या गल्लीत असा कुणी आला तर एवढं करा. बाटलीत काय आहे ते विचारा. किती आहे ते विचारा. त्यानं काय बिघडू शकतं ते विचारा. उत्तर न देता जो तुमच्या मनातली खोट काढू लागतो, त्याच्या हातातलं काहीही तुमच्या लेकराला लावू नका, जनावरालाही लावू नका. आणि विचारलं म्हणून लोक तुमच्यापासून दोन पावलं मागं सरकले, तर सरकू द्या. तुम्ही घरी जाऊ नका. तिथंच उभे राहा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.